बोअरहोलमधला सिस्मिक डेटा: कोणती फाईल कुठे ठेवायची, कोणता आकडा मानायचा

मातीपरीक्षणाचा अहवाल येतो आणि सोबत पेनड्राइव्ह. त्यात दोन-अडीचशे फाईली, नावं १००१, १००२, १००३ अशी. अहवालात शीअर वेव्हच्या वेगाचा एक तक्ता, एक आलेख आणि ‘चाचणी प्रमाणित पद्धतीने केली’ असं एक वाक्य. हे सगळं बोअर लॉगच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं कसं, हा प्रश्न सल्लागारांच्या कार्यालयांतले तरुण अभियंते सतत विचारतात. कुणाची फाईल उघडतच नाही. कुणाची उघडते, पण वेळेचा अक्ष भलताच दिसतो. कुणाकडे एकाच बोअरचे दोन सॉफ्टवेअरमधून दोन वेग आलेले असतात आणि डिझाइनवाला विचारतो, ‘यातला कुठला धरू?’

उत्तर आधीच सांगून टाकतो. सिग्नल जिओटेक्निकल डेटाबेसमध्ये कोंबू नका. मूळ नोंद बाहेर, हात न लावता ठेवा. डेटाबेसमध्ये फक्त खोली, वेळ, वेग आणि मूळ फाईलचं नाव जाऊ द्या. आणि वेगाचा आकडा मानण्याआधी अंतर आणि वेळ या दोन गोष्टी स्वतः तपासा, कारण वेग म्हणजे या दोहोंचा भागाकार.

तुमच्या हातात नेमकं काय आहे?

क्रॉसहोल चाचणीत एका बोअरमध्ये ठोका देऊन शेजारच्या बोअरमध्ये लहर टिपतात. डाउनहोलमध्ये ठोका जमिनीवर आणि जिओफोन बोअरमध्ये. दोन्हींतून चार थरांचा डेटा निघतो आणि तो बहुतेक वेळा एकाच फोल्डरमध्ये कालवलेला असतो:

- मूळ ट्रेस: सिस्मोग्राफने लिहिलेली फाईल. बहुधा सेग-२, क्वचित सेग-वाय किंवा उत्पादकाचा स्वतःचा फॉरमॅट.
- पिक: लहर जिओफोनपर्यंत पोहोचल्याची, माणसाने पडद्यावर ठरवलेली वेळ.
- वेग: खोलीगणिक पी आणि एस लहरींचा वेग.
- डिझाइनचा आकडा: थराचा शीअर मोड्युलस, वरच्या ३० मीटरचा सरासरी वेग वगैरे.

पहिला थर मोजलेला असतो, बाकीचे तीन कुणीतरी ठरवलेले. तुमच्याकडे फक्त शेवटचे दोनच आले असतील तर तुमच्याकडे डेटा नाही, निष्कर्ष आहे.

इथे एक गल्लत दूर करू. कोयना परिसरात खोल बोअरमध्ये भूकंपमापक बसवले आहेत, गोठणे इथला पायलट बोअर तर ३ किलोमीटर खोल आहे. ती अखंड चालणारी नोंद; तिचे फॉरमॅट आणि सॉफ्टवेअर वेगळे. इमारत, पूल किंवा धरणाच्या पायासाठी २०-३० मीटरच्या बोअरमध्ये ठोक्यागणिक घेतलेल्या नोंदींना ती सॉफ्टवेअर लावू नका. उपयोग होत नाही, वेळ मात्र जातो.

डेटाबेसमध्ये काय, बाहेर काय

हिशेब करून बघा. ३० मीटरचा डाउनहोल बोअर, दर मीटरला नोंद. प्रत्येक खोलीवर डावा, उजवा आणि उभा असे तीन ठोके, जिओफोनचे तीन घटक. झाले २७० ट्रेस. प्रत्येकी ४,०९६ नमुने धरले तर ११ लाखांवर आकडे, तेही एका बोअरचे. मूळ फाईलरूपात ही सगळी मिळून चार-पाच एमबी होतात. तेच डेटाबेसच्या तक्त्यात ओळीगणिक ओतले तर सॉफ्टवेअर रडत-खडत चालतं. जिंटची नेहमीची प्रकल्प फाईल आतून अ‍ॅक्सेसची डेटाबेस फाईल असते आणि अ‍ॅक्सेसची मर्यादा २ जीबी, हे लक्षात असू द्या.

पर्याय साधारण तीन:

१. एजीएस फॉरमॅट वापरत असाल (होलबेस, ओपनग्राउंड, जिंट हे सगळे तो वाचतात-लिहितात), तर वेगाचे आकडे विवरातल्या भूभौतिक नोंदींच्या गटात भरा आणि मूळ ट्रेस सोबतच्या फाईल म्हणून जोडा. एजीएस ४ मध्ये त्यासाठी ‘फाईल’ गट आहे. नोंदीच्या ओळीत फाईल-संचाचं नाव लिहायचं आणि फाईली त्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या. ही सोय फार कमी लोक वापरतात, हे दुर्दैव.

२. कार्यालयाचं स्वतःचं टेम्प्लेट असेल, तर एक नवा तक्ता करा: बोअर क्रमांक, खोली, पी-वेळ, एस-वेळ, पी-वेग, एस-वेग, मूळ फाईलचं नाव, पिक कुणी केली, कधी केली. शेवटचे तीन रकाने वगळण्याचा मोह होतो. तो टाळा.

३. एक-दोन बोअरचंच काम असेल, तर सरळ एक्सेल. त्यात कमीपणा काही नाही, रकाने मात्र वरचेच.

एजीएस फाईल पुढे पाठवण्याआधी तपासून घ्या. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने त्यासाठी फुकट तपासणी साधन ठेवलं आहे. फक्त अशिलाचा गोपनीय डेटा ऑनलाइन चढवण्याआधी त्याची परवानगी घ्या. ट्रेस उघडून बघायला पैसे मोजावे लागतात असंही नाही. पायथॉन येणारा कुणी कार्यालयात असेल तर ऑब्सपाय ही मोफत लायब्ररी सेग-२ आणि सेग-वाय दोन्ही वाचते.

नावं आणि फोल्डर

यावर फार शाई खर्च करत नाही. मूळ फाईली एका फोल्डरमध्ये, तो ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवा, आणि प्रक्रिया नेहमी प्रतीवर करा. नावात बोअर क्रमांक, चाचणीचा प्रकार, खोली सेंटिमीटरमध्ये (म्हणजे दशांशचिन्हाची भानगड नाही), ठोक्याची दिशा आणि अनुक्रम. फाईलचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत द्या. मराठीचा अभिमान आपल्या जागी, पण जुनी सिस्मिक सॉफ्टवेअर देवनागरी नावावर अडखळतात.

साइटवर हाताने लिहिलेल्या वहीचं पान स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाका. १०३७ क्रमांकाचा ठोका वाया गेला होता आणि १०३८ त्याच खोलीवर पुन्हा घेतला होता, हे त्या पानाशिवाय कुठेच लिहिलेलं नसतं.

अंतर: सगळ्यात महागात पडणारी चूक

क्रॉसहोलमध्ये बोअर साधारण ३ मीटर अंतरावर घेतात. वर फितीने मोजलं, ३ मीटर भरलं, तक्त्यात प्रत्येक खोलीला ३.०० लिहून मोकळे झाले. पण बोअर सरळ उतरतोच असं नाही. एक बोअर फक्त १ अंशाने बाहेर कलला तर २० मीटर खोलीवर तो ३५ सेंटिमीटर सरकलेला असतो. खरं अंतर ३.३५, तुम्ही धरलं ३.००. वेग १० टक्के कमी निघतो. शीअर मोड्युलस वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणून तो २० टक्के कमी. दोन्ही बोअर परस्परांपासून लांब कलले तर विचारूच नका. उलट एकमेकांकडे कलले तर खडक कागदावर आहे त्यापेक्षा मजबूत दिसतो, आणि ही चूक जास्त धोक्याची.

म्हणून प्रत्येक खोलीवरचं अंतर डेव्हिएशन सर्व्हेतून आलं पाहिजे. तक्त्यात सगळीकडे ३.०० दिसलं तर तो सर्व्हे मागा. झालाच नसेल तर केसिंग जागेवर आहे तोवर करून घ्या. ते बुजवलं की प्रश्न कायमचा मिटतो, चुकीच्या बाजूने.

डाउनहोलमध्ये घोळ वेगळा. ठोका बोअरच्या तोंडापासून काही अंतरावर दिलेला असतो, त्यामुळे लहर तिरकी येते. ती उभी करून घ्यावी लागते: मोजलेल्या वेळेला उभ्या खोलीने गुणायचं आणि तिरक्या अंतराने भागायचं. समजा ठोका ३ मीटर दूर आहे, खोली २ मीटर आणि वेळ २० मिलिसेकंद.

- दुरुस्ती केलीच नाही: वेग सेकंदाला १०० मीटर.
- एकदा केली: १८० मीटर. हे बरोबर.
- साइटवाल्यांनी एकदा केली आणि सॉफ्टवेअरने पुन्हा केली: ३२५ मीटर.

एकाच ठोक्याची ही तीन उत्तरं. ‘दोन सॉफ्टवेअर, दोन वेग’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं. ३० मीटरवर हीच दुरुस्ती अर्ध्या टक्क्याची असते, म्हणून खालचे आकडे जुळतात आणि वरचे पाच-सात मीटर जुळत नाहीत. असं चित्र दिसलं की आधी दुहेरी दुरुस्तीवर संशय घ्या. सॉफ्टवेअरला वेळ देताना ‘ही मोजलेली आहे की दुरुस्त केलेली’ ते रकान्याच्या शीर्षकातच लिहा.

आता संदर्भपातळी. खोली जमिनीपासून मोजली की केसिंगच्या तोंडापासून? केसिंग ४०-५० सेंटिमीटर वर असतं आणि बोअर लॉग जमिनीपासूनचा. मुंबईत आणखी एक पेच: कुणी टाउन हॉल डेटम वापरतो, कुणी समुद्रसपाटी, बंदराच्या कामात चार्ट डेटम. भराव बोअर घेतल्यानंतर पडला तर ‘जमीन’ही बदलते. त्यामुळे आरएल लिहिताना डेटमचं नाव सोबत हवंच. आणि विदर्भातल्या वाचकांसाठी खास: ७८ रेखांशाच्या पश्चिमेचा महाराष्ट्र यूटीएमच्या ४३ व्या झोनमध्ये येतो, नागपूर ४४ व्या. पुण्याच्या कार्यालयातलं टेम्प्लेट तसंच वापरलं तर नागपूरचा बोअर नकाशावर नको तिथे जाऊन बसतो.

वेळ: ट्रिगर, नमुने आणि फाईलचं रूपांतर

घट्ट बेसॉल्टमध्ये एस लहरीचा वेग सेकंदाला २,५०० मीटर धरा. ३ मीटर ओलांडायला तिला १.२ मिलिसेकंद लागतात. सिस्मोग्राफ दर ०.१२५ मिलिसेकंदाला नमुना घेत असेल तर पिक एका नमुन्याने इकडेतिकडे झाली की वेग सुमारे १० टक्क्यांनी हलतो. काळ्या मातीत चालणारी सेटिंग खडकात चालत नाही. नोंद घेण्याआधीच साइटवर फोन करून नमुन्याचा कालावधी विचारा. नंतर कुठलंही सॉफ्टवेअर हरवलेला तपशील परत आणू शकत नाही.

ट्रिगरचंही तेच. घड्याळ ठोक्याच्या ०.२ मिलिसेकंद आधी सुरू झालं, तर वरचाच वेग २,५०० ऐवजी २,१४० च्या आसपास येतो. तीन बोअर घेतले असतील तर दोन जिओफोन-बोअरमधल्या वेळेचा फरक वापरा, ट्रिगरची चूक दोन्हीकडे सारखी असल्याने वजा होते. दोनच बोअर असतील तर ट्रिगर कसा तपासला याची नोंद मागा. तिसऱ्या बोअरचा खर्च वाचवण्याचा सल्ला कुणी दिला तर माती असेल तिथे विचार करा, खडक असेल तिथे नको.

रूपांतराचे सापळे बारीक आहेत, म्हणून सविस्तर सांगतो. सेग-२ मध्ये नमुन्याचा कालावधी सेकंदांत, दशांशासह लिहिलेला असतो. सेग-वायच्या मूळ मांडणीत तो मायक्रोसेकंदांत आणि पूर्णांकात. सिस्मोग्राफवर ३१.२५ मायक्रोसेकंदांची सेटिंग अगदी नेहमीची; रूपांतरात तिचे ३१ होतात. म्हणजे प्रत्येक वेळ ०.८ टक्के कमी, प्रत्येक वेग तितकाच जास्त, आणि पडद्यावर काहीही विचित्र दिसत नाही. ट्रिगरआधीची नोंद ठेवली असेल तर तिचा उणे विलंब सेग-२ मध्ये राहतो. सेग-वायच्या मूळ मांडणीत तो पूर्ण मिलिसेकंदांतच लिहिता येतो, त्यामुळे अर्ध्या मिलिसेकंदाचा विलंब सरळ गायब होतो.

रूपांतर केल्यावर एवढं करा:

- मूळ आणि रूपांतरित फाईलमधला एकच ट्रेस शेजारी-शेजारी उघडा.
- नमुन्याचा कालावधी, नमुन्यांची संख्या आणि विलंब हे तीन आकडे जुळवा.
- पहिल्या उठावाची वेळ दोन्हींत तीच येते का बघा.
- ट्रेसऐवजी नुसता कचरा दिसला तर फाईल खराब झाली असं लगेच समजू नका. बाइटचा क्रम किंवा संख्येचा प्रकार चुकीचा निवडला गेला असण्याची शक्यता जास्त.

रूपांतराशिवाय भागत असेल तर करूच नका.

पिक आणि फिल्टर

एस लहर ओळखण्याची खूण अशी: फळीवर डावीकडून आणि उजवीकडून ठोका दिला की एस लहर उलटी होते, पी लहर होत नाही. दोन्ही ट्रेस एकावर एक टाका. जिथून ते आरशातल्यासारखे फाकतात तिथे एस लहर आली. म्हणून डाव्या-उजव्या फाईलींची जोडी नावातूनच कळली पाहिजे, आणि एकाच बाजूचा ठोका घेऊन काढलेल्या एस वेगावर फार विसंबू नका.

फिल्टर जपून. काही फिल्टर लहर पुढे ढकलतात, त्यामुळे पहिला उठाव उशिरा दिसतो. शून्य-फेज फिल्टर लहर सरकवत नाही, पण तिचं टोक आधीच्या शांत भागात पसरवतो आणि पिक अलीकडे ओढली जाते. नियम एकच पाळा: सगळ्या ट्रेसना एकच फिल्टर, आणि त्याचे आकडे तक्त्याच्या टिपेत. सॉफ्टवेअरच्या आपोआप पिकवर काम भागवू नका. निदान दर पाचव्या खोलीवर दुसऱ्या माणसाकडून पिक करून घ्या.

आकडा मानण्याआधी

काही गोष्टी पाच मिनिटांत तपासता येतात.

पाण्याच्या पातळीखालच्या संपृक्त मातीत पी लहरीचा वेग सेकंदाला १,५०० मीटरच्या आसपास किंवा वर असायला हवा. तिथे ६०० दिसले तर एकतर पाण्याची पातळी चुकली आहे किंवा पिक. पी वेग आणि एस वेग यांचं गुणोत्तर १.४१ च्या खाली गेलं तर पॉइसन गुणोत्तर उणे येतं. असा तक्ता परत पाठवा. उलट, खाडीकाठच्या मऊ चिखलात पी १,६०० आणि एस १६० आले आणि पॉइसन गुणोत्तर ०.४९५ निघालं, तर घाबरू नका, ते बरोबर आहे. सगळ्या खोल्यांवर जवळजवळ एकच वेग दिसत असेल तर लहर मातीतून न येता केसिंगमधून किंवा बोअरमधल्या पाण्यातून आली असण्याचा दाट संशय घ्या आणि ग्राउटिंगची नोंद मागा.

दख्खनच्या पठारावर एक गोष्ट मुद्दाम बघावी लागते. कठीण बेसॉल्टच्या खाली लाल बोलचा किंवा सच्छिद्र, विदीर्ण थर येतो आणि वेग खोलीबरोबर वाढण्याऐवजी एकदम घसरतो. जमिनीवरून केलेल्या रिफ्रॅक्शन सर्व्हेला वेगवान थराखालचा हा संथ थर दिसत नाही. बोअरमध्ये उतरून चाचणी करण्याचं मोठं कारणच ते. आणि मग सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी ‘स्मूद’चं बटण दाबतो आणि तो थर आलेखातून पुसला जातो! वेग घसरलेल्या खोलीवर कोअर बॉक्सचा फोटो आणि आरक्यूडी बघा. तिथे खरोखर कच्चा थर असेल तर आकडा तसाच ठेवा.

शेवटी सरासरी. वरच्या ३० मीटरचा सरासरी वेग म्हणजे ३० भागिले एकूण प्रवासवेळ. ५ मीटर काळी माती १५० ने, ५ मीटर मुरूम ३०० ने, २० मीटर बेसॉल्ट १,२०० ने, असं धरलं तर उत्तर ४५० येतं. वेगांची जाडीनुसार साधी सरासरी काढली तर ८७५. अमेरिकी एएससीई ७ च्या रूढ वर्गवारीत ३६० ते ७६० हा ‘सी’ वर्ग आणि त्यावर ‘बी’, म्हणजे एका एक्सेल सूत्रात जागेचा वर्गच बदलला. आपल्या आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत मातीचा प्रकार एन-मूल्यावरून ठरतो. त्यामुळे अहवालात ‘वर्ग’ असं नुसतं लिहिलेलं असेल तर कोणत्या संहितेचा, ते विचारा.

करारात काय हवं आणि मागण्याचा हक्क कितपत

खाजगी कामात तुमचा हक्क करारात लिहिला तेवढाच. वर्क ऑर्डर निघण्याआधी हे मुद्दे घाला:

- मूळ ट्रेस, हेडरसह, सिस्मोग्राफने लिहिले त्याच फॉरमॅटमध्ये.
- पिकचा तक्ता, डेव्हिएशन सर्व्हे, ग्राउटिंगची आणि साइटवरच्या वहीची प्रत.
- चाचणी कोणत्या संहितेनुसार: क्रॉसहोलसाठी एएसटीएम डी ४४२८, डाउनहोलसाठी डी ७४००, खडकासाठी आयएस १३३७२.
- डेटाची मालकी कुणाची आणि कंत्राटदाराने तो किती वर्षं जपायचा.

एखाद्या प्रोसेसिंग सॉफ्टवेअरची फक्त प्रकल्प फाईल मिळाली तर ती पुरेशी समजू नका. परवाना संपला की ती उघडत नाही.

सरकारी किंवा निमसरकारी कामाचा डेटा हवा असेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली सामग्री ‘माहिती’च्या व्याख्येत बसते आणि ती त्याच स्वरूपात मागता येते. १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज, ३० दिवसांत उत्तर. न मिळाल्यास किंवा नाकारल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. व्यावसायिक गोपनीयतेचं किंवा सुरक्षेचं कारण देऊन नकार येऊ शकतो, कलम ८ मध्ये तशी तरतूद आहे. अर्जात ‘अहवाल’ एवढंच लिहिलं तर पीडीएफ मिळेल. ‘मूळ सेग-२ फाईली आणि डेव्हिएशन सर्व्हेचा तक्ता’ असं लिहा.

आणि कंत्राटदाराचं शेवटचं बिल सही करण्याआधी त्या पेनड्राइव्हमधली कुठलीही एक फाईल स्वतः उघडा, एका खोलीची वेळ स्वतः वाचा, तिच्यावरून वेग काढा आणि अहवालातल्या तक्त्याशी ताडून बघा. जुळला नाही तर बिल थांबवा.